संबंधानंतर रक्ताचा डाग दिसला तर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बेचाळीस वर्षांच्या एक बाई कंबरदुखी आणि अशक्तपणाची तक्रार घेऊन दवाखान्यात येत असत. पापण्यांच्या आतला भाग फिकट होता, हिमोग्लोबिन कमी होते. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या आणि गूळ-शेंगदाणे खायला सांगितले. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी चिठ्ठी घेऊन त्या दारापर्यंत गेल्या, सोबतच्या सासूबाई बाहेर पडल्यावर मागे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक सांगायचं राहिलं. मालकांजवळ गेलं की दुसऱ्या दिवशी कपड्याला लाल डाग लागतो. थोडाच असतो. पण चार-पाच महिने झाले."

जे पहिल्याच दिवशी कळायला हवे होते ते चौथ्या भेटीत कळले. यात त्यांच्या लाजेला दोष देता येणार नाही. मीच विचारले नव्हते. पाळी नियमित येते का, एवढे विचारून मी थांबलो होतो. त्या बाईंचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

विषय नाजूक आहे. वर्तमानपत्र घरात सगळेच वाचतात याचीही मला कल्पना आहे. पण याच संकोचापायी दोन प्रकारचे नुकसान होताना मी पाहिले आहे. काही स्त्रिया ही तक्रार वर्ष-वर्ष लपवतात आणि फार उशिरा येतात. काही इतक्या घाबरतात, की कोणी सांगितले म्हणून नीट तपासणी न करताच पिशवी काढून मोकळ्या होतात. दोन्ही टाळता येते. त्यासाठी हा लेख.

हे रक्त येते कुठून?

पाळीचे रक्त गर्भाशयाच्या, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो तिच्या आतल्या अस्तरातून येते. संबंधानंतर दिसणारे थोडे रक्त बहुतेक वेळा इतक्या आतून येत नाही. पिशवीचे खालचे टोक योनीमार्गात थोडेसे डोकावत असते. त्याला गर्भाशयमुख किंवा पिशवीचे तोंड म्हणतात. हे रक्त साधारणपणे या तोंडावरून किंवा योनीमार्गाच्या भिंतीवरून येते. तिथे सूज असेल, कोरडेपणा असेल, एखादी लहान वाढ असेल, तर घर्षणाने तेवढ्या जागेतून रक्त पाझरते. ते कधी लाल, कधी गुलाबी, तर कधी दुसऱ्या दिवशी तपकिरी डागाच्या रूपाने दिसते.

पाळीच्या एक-दोन दिवस आधी किंवा पाळी संपता संपता असा डाग दिसला, तर तो पाळीचाही असू शकतो. म्हणून डाग कोणत्या तारखेला दिसला आणि पाळी कधी आली होती, हे कॅलेंडरवर खूण करून ठेवावे. कधी कधी रक्त लघवीच्या जागेतून किंवा मूळव्याधीतून आलेले असते आणि गैरसमज होतो. डॉक्टरांना दाखवले की हा उलगडा होतो.

नेहमी आढळणारी कारणे

ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांमध्ये कारण साधे निघते. वय आणि परिस्थितीप्रमाणे ती कारणे अशी.

पहिला संबंध : योनीपटल ताणले जाऊन थोडे रक्त येऊ शकते. पण ते यायलाच हवे असे मुळीच नाही. अनेक मुलींमध्ये हे पटल लवचीक असते आणि रक्त येत नाही. रक्त आले नाही म्हणून मुलीच्या चारित्र्याविषयी शंका घेणे हे निव्वळ अज्ञान आहे. त्याला वैद्यकशास्त्राचा कसलाही आधार नाही.

कोरडेपणा : पाळी कायमची बंद झाल्यावर शरीरातील स्त्रीसंप्रेरके कमी होतात. योनीमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते आणि संबंधाच्या वेळी चरे पडतात. बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही काही महिने असा कोरडेपणा जाणवतो. मनाची तयारी नसताना, घाईने किंवा बळजबरीने संबंध आला तरी हेच होते. जबरदस्ती झाली असेल तर तीही डॉक्टरांना सांगावी. ही सांगण्याचीच गोष्ट आहे.

जंतुसंसर्ग : पांढरे किंवा पिवळसर जाणे, दुर्गंधी, खाज, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे आणि त्यासोबत संबंधानंतर डाग, असे चित्र असेल तर संसर्गाची शक्यता मोठी. काही संसर्गांत मात्र डागाखेरीज दुसरे काहीच लक्षण नसते. संसर्ग संबंधातून पसरणारा असेल तर नवरा-बायको दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यावे लागते. नाहीतर एकाचा बरा झालेला आजार दुसऱ्याकडून परत येतो. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा. एक गोष्ट आवर्जून सांगतो. यांतले काही संसर्ग शरीरात कित्येक महिने गुपचूप राहतात. तो कधी आणि कोणाकडून आला हे त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून चिठ्ठी हातात पडताच घरात भांडण काढू नये.

पॉलिप : पिशवीच्या तोंडाशी देठावर लोंबणारी लहान मऊ वाढ. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. भूल न देताही ती काढता येते. काढल्यावर तपासणीला पाठवायची एवढेच.

तांबी आणि गर्भनिरोधक गोळ्या : तांबी बसवल्यावर सुरुवातीचे काही महिने, किंवा गोळ्या सुरू केल्यावर, अधूनमधून डाग दिसू शकतो. तांबीचा दोरा जागेवर आहे का हे तपासून घ्यावे. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

गरोदरपण : गरोदरपणात पिशवीच्या तोंडाकडे रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे थोडा डाग दिसू शकतो. पण गरोदर स्त्रीला कितीही थोडे रक्त दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वार खाली सरकलेली असेल तर धोका असतो आणि तो सोनोग्राफीशिवाय कळत नाही.

'तोंडाला जखम' आणि पिशवीचे ऑपरेशन

अनेक स्त्रिया मला सांगतात, "डॉक्टर, माझ्या पिशवीच्या तोंडाला जखम आहे." हा शब्द फार घाबरवतो. बऱ्याच वेळा ती जखम नसतेच. आपला खालचा ओठ बोटाने बाहेर वळवून आरशात पाहा. आतली बाजू लाल आणि ओलसर दिसते. ती जखम नसून ओठाचेच आतले अस्तर असते. पिशवीच्या तोंडाचेही तसेच आहे. आतल्या नळीचे लाल, नाजूक अस्तर काही स्त्रियांमध्ये थोडे बाहेर येते. तरुण वयात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे वरचेवर दिसते. ते नाजूक असल्याने स्पर्शाने रक्त येऊ शकते. हा कर्करोग नव्हे आणि त्याचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. आधी पेशींची तपासणी करून ती ठीक असल्याची खात्री करायची. त्रास नसेल तर उपचारांची गरजच नसते. त्रास फारच असेल तर तेवढीच जागा शेकून घेण्याचा छोटा उपचार असतो.

अशा साध्या गोष्टीसाठी पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेली अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती, पैशांसाठी गाय विकायची बोलणी चालली होती. पेशींची तपासणी मात्र कोणी केली नव्हती. ती करून घेतली, ती व्यवस्थित निघाली. संसर्गाची औषधे तिने आणि तिच्या नवऱ्याने घेतली आणि तक्रार थांबली. पिशवी जागेवर राहिली, गायही राहिली.

हे एका घराचे झाले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन तिशीतल्या स्त्रियाही होत्या. पिशवीसोबत अंडाशयेही काढली तर त्या वयात एकदम पाळी गेल्याची अवस्था येते. अंगाची आग होते, हाडे लवकर ठिसूळ होतात, उसाची मोळी उचलणारी कंबर अकाली वाकते. पिशवी काढण्याची खरी गरज असलेले आजार आहेत, हे मी नाकारत नाही. पण आतून तपासणी, पेशींची तपासणी आणि सोनोग्राफी यांचे अहवाल हातात असल्याशिवाय, आणि शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय, नुसत्या डागासाठी पिशवी काढायला होकार देऊ नका. 'आज ना उद्या कॅन्सर होईल' हे भीतीचे वाक्य आहे. अहवाल काय म्हणतो ते विचारा.

जे नजरेआड होता कामा नये

आता दुसरी बाजू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे एक महत्त्वाचे लक्षण म्हणजे संबंधानंतर रक्त दिसणे. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे आणि दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही इतर लक्षणे. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या खालोखाल हाच कर्करोग आढळतो. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो झाला आणि जवळजवळ ८० हजार जणी त्याने दगावल्या.

हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू संबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होऊन जातो. तो असणे हा कोणाच्या चारित्र्यावरचा डाग नव्हे. बहुतेकांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत आपणहून घालवते. थोड्याच स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बदलतात आणि साधारण दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग होतो. इतका सावकाश येणारा शत्रू वाटेतच गाठता येतो.

आपल्या राज्यातच हे सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी साधी तपासणी केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या तपासण्या कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांसाठी आहेत. ज्यांना रक्ताचा डाग दिसतो आहे त्यांनी गावातल्या शिबिराची वाट पाहत बसू नये. गेल्या वर्षीची तपासणी चांगली होती म्हणूनही थांबू नये. तक्रार आहे तर तिच्यासाठी आतून तपासणी करून घेतलीच पाहिजे.

तपासणीत काय होते?

बहुतेक भगिनी 'आतून तपासणी' या शब्दालाच घाबरतात. ती कशी होते ते सांगतो. टेबलावर आडवे झोपायचे, अंगावर चादर असते. डॉक्टर एका साध्या साधनाने योनीमार्ग थोडा उघडून बॅटरीच्या उजेडात पिशवीचे तोंड पाहतात. पाच-दहा मिनिटे लागतात. थोडे अवघडल्यासारखे होते, पण अंग सैल सोडून सावकाश श्वास घेतला तर दुखणे फारसे जाणवत नाही. डॉक्टर पुरुष असतील तर जवळ नर्स किंवा घरची बाई असावी, असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्त्री डॉक्टरांकडे जायचे असेल तर तसे स्पष्ट सांगा, आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही.

गरजेप्रमाणे पुढील तपासण्या होतात. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला लावून एक मिनिटाने पाहतात. बदललेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. पॅप तपासणीत छोट्या ब्रशने पेशी घेऊन काचेवर पसरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही तपासणीत विषाणू आहे का हे पाहतात. शंका आली तर भिंगातून पाहून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीला पाठवतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे.

आम्लाची तपासणी शासनाच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आहे आणि ती मोफत होते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पाळी बंद झालेल्या स्त्रियांमध्ये ही तपासणी तितकी खात्रीची नसते, त्यांच्यासाठी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी बरी.

पॅप तपासणीला जाण्यापूर्वी दोन दिवस संबंध टाळावा, आत कोणतीही गोळी किंवा मलम ठेवू नये आणि आतून धुऊ नये. पाळीचे दिवस टाळावेत. पण डाग सारखाच जात असेल तर तो थांबण्याची वाट न पाहता जावे.

ताबडतोब केव्हा जावे?

खालील परिस्थितीत त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

१. रक्त थांबत नसेल, तासाभरात पॅड किंवा घडी पूर्ण भिजत असेल, गाठी पडत असतील.
२. गरोदर असाल.
३. पाळी चुकली आहे, पोटात एका बाजूला जोराची कळ येते, चक्कर येते. गर्भ नळीत राहिला असल्यास जिवाला धोका असतो.
४. रक्तासोबत ताप आणि ओटीपोटात तीव्र वेदना असतील.

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक ठिपका दिसला तरी आठवड्याच्या आत दाखवावे. 'पाळी परत आली' असे समजून आनंदू नये. बऱ्याचदा कोरडेपणाच असतो, पण पिशवीच्या आतल्या अस्तराचा कर्करोगही असाच सुरू होतो. बाकीच्यांनी, डाग पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पुढच्या पाळीनंतर लगेच तपासणी उरकावी. एकदाच दिसला आणि परत दिसला नाही, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावे.

घरी काय करावे, काय करू नये

आतून डेटॉल, तुरटीचे पाणी, साबण वापरू नये. त्याने अस्तर अधिकच सोलवटते आणि चांगले जंतूही मरतात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. औषधाच्या दुकानातून रक्त थांबवणारी गोळी आणून घेऊ नये. डाग तात्पुरता दबतो आणि कारण तसेच राहते. कोरडेपणासाठी पाण्याचा अंश असलेली जेली मिळते, ती वापरावी. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, रबर फाटते. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आत लावायचे संप्रेरकाचे मलम फार गुणकारी असते, पण ते तपासणी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे, मात्र त्या परस्पर बंद करू नयेत. मुलींना लग्नाच्या कितीतरी आधी, ९ ते १४ या वयात, एचपीव्हीची लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला २०२२ साली मान्यता मिळाली आहे.

घरच्या पुरुषांना दोन शब्द. हा डाग बहुतेक वेळा पहिल्यांदा तुम्हालाच दिसतो. तो पाहून किळस करू नका, रागावू नका. बायकोला दवाखान्यात एकटी पाठवू नका, सोबत जा. तुम्हालाही औषध घ्यायला सांगितले तर मुकाट्याने घ्या. सासूबाईंनीही सुनेला डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटीने बोलू द्यावे.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंची त्याच आठवड्यात तपासणी झाली. पिशवीच्या तोंडावर एक लहानशी खरबरीत जागा होती. तुकडा तपासला, तो कर्करोग निघाला. सुदैवाने पहिल्या पायरीवर होता. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून खर्च भागला. आज त्या व्यवस्थित आहेत आणि ठरलेल्या तारखेला तपासणीला जातात. आणखी चार वेळा त्या दारातून तशाच परत गेल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार मी टाळू शकत नाही.

तेव्हापासून विवाहित स्त्री कसल्याही तक्रारीसाठी आली तरी मी पाळीसोबत हा प्रश्नही विचारतो. काही जणी चमकतात, काही पदर तोंडाला लावून हसतात. काही जणी मात्र क्षणभर थांबून मान हलवतात. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. "संबंधानंतर डाग लागतो" एवढे चार शब्द पुरे आहेत. पुढचे काम आमचे.